स्वप्नी दिसे ते मनी वसवतो कोण?

नागपूरहून भंडाऱ्याच्या रस्त्याला लागले की पस्तीस-चाळीस किलोमीटरवर कन्हान नदीच्या काठचे मौदा येते. तालुक्याचे गाव. भोवती धानाच्या बांध्या, एका बाजूला एनटीपीसीच्या औष्णिक वीज केंद्राची उंच धुराडी आणि हमरस्त्यावर रात्रंदिवस ट्रकची रीघ. अशा गावात रात्री अकरानंतर काय घडते, असे कोणी विचारले तर आपण म्हणू, काय घडणार, लोक झोपतात. पण झोपलेल्या माणसाच्या आयुष्यात काहीच घडत नाही, असे मात्र नाही.

समजा, याच पंचक्रोशीतल्या एका शेतकऱ्याला पहाटे स्वप्न पडले. पडक्या वाड्याच्या ईशान्य कोपऱ्यात हंडा आहे आणि हंड्यावर नाग बसला आहे. सकाळी त्याने बायकोला सांगितले. तिने हसण्यावारी नेले. दुपारी चहाच्या टपरीवर तो मित्राजवळ बोलला. तिसऱ्या दिवशी एक अनोळखी माणूस दारात उभा. "तुम्हाला दृष्टांत झाला आहे. कोणाजवळ बोलू नका. वेळ निघून जाईल." शेतकरी चाट पडतो. याला कसे कळले? टपरीवरचा मित्र त्याला आठवतही नाही.

हा प्रसंग कल्पित आहे, पण गुप्तधनाच्या नादाने बुडालेल्या घरांची हकिगत ऐकणाऱ्या कोणालाही तो ओळखीचा वाटेल. लोकांच्या स्वप्नांत शिरून त्यांचे आयुष्य फिरवणारी एखादी गुप्त संघटना असते का, हा प्रश्न ऐकायला चित्रपटातला वाटतो. मौद्यात किंवा आणखी कुठे अशी संघटना नोंदणी करून बसलेली नाही, हे उघडच आहे. पण स्वप्नांवर पोट भरणारे लोक आहेत, त्यांचे एकमेकांशी संधान आहे आणि त्यांचा पहिला नियम 'कोणाला सांगू नका' हाच आहे. मग संघटना म्हणायला आणखी काय लागते?

पहाटेचे स्वप्न खरे का वाटते?

आधी स्वप्नाचे पाहू. 'मनी वसे ते स्वप्नी दिसे' ही आपल्याकडची जुनी म्हण. विज्ञानाने तिला फारसे खोटे पाडलेले नाही. १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठातील युजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी झोपेतल्या एका विशिष्ट टप्प्याचा शोध जाहीर केला. या टप्प्यात बंद पापण्यांखाली बुबुळे वेगाने हलतात, मेंदू जागेपणीइतका कामात असतो आणि हातापायांचे स्नायू मात्र सैल पडलेले असतात. या वेळी जागे केलेला माणूस बहुधा स्वप्न सांगतो. साधारण दीड-दीड तासाने हा टप्पा येतो, म्हणजे रात्रीतून चार-पाच वेळा. रात्र सरत जाते तसा तो लांबत जातो आणि सर्वांत मोठा टप्पा पहाटेच्या सुमारास येतो.

'पहाटेचे स्वप्न खरे होते' या समजुतीचे मूळ इथे असावे. पहाटेचे स्वप्न लांबलचक असते आणि त्यातून थेट जाग येत असल्याने ते ध्यानात राहते. मध्यरात्रीची स्वप्ने आपण विसरून जातो. जे आठवते त्याला आपण महत्त्व देतो, आणि ज्याला महत्त्व दिले ते खरे ठरण्याची वाट पाहू लागतो.

कधी कधी जाग येते, पण स्नायूंचा सैलपणा गेलेला नसतो. डोळे उघडे, हात हलत नाही, ओरडावेसे वाटते पण आवाज फुटत नाही, छातीवर कोणी बसल्याचा भास होतो. डॉक्टर याला झोपेतला तात्पुरता लकवा म्हणतात. तो काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत जातो. खेड्यात यालाच 'मुंज्या छातीवर बसला' म्हणतात आणि माणूस दवाखान्याऐवजी भगताकडे जातो.

राहिला प्रश्न खऱ्या ठरलेल्या स्वप्नांचा. "आमच्या आत्याला स्वप्न पडले आणि दुसऱ्याच दिवशी तार आली," अशी एक तरी आठवण प्रत्येक घरात असते. थोडा हिशेब करू. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख. समजा, लाखात एकाच माणसाला एका रात्री नातलगाच्या मृत्यूचे स्वप्न पडते. तरी रोज रात्री अकराशेवर लोकांना ते पडेल, वर्षाला चार लाखांवर. त्यांतले काही योगायोगाने जुळणारच. जुळलेले पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते, न जुळलेले चहाबरोबर विसरले जाते. आत्या खोटे बोलत नव्हती. तिने न जुळलेल्या स्वप्नांची वही ठेवली नव्हती, इतकेच.

आकडा लावणारे

स्वप्नाचा पैसा करण्याचा सर्वांत पसरलेला धंदा म्हणजे मटका. आज मोबाइलने त्याचे रूप बदलले आहे, पण त्याचे व्याकरण जुनेच आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडते आणि बंद भाव मुंबईला तारेने येत आणि त्या आकड्यांवर पैज लागे, ही त्याची सुरुवात. ते भाव येणे बंद झाले. मग कल्याणजी भगत याने १९६२ मध्ये वरळीत आकडे काढायला सुरुवात केली, १९६४ मध्ये रतन खत्रीने आपला मटका काढला आणि 'ओपन', 'क्लोज', 'जोडी' हे शब्द गिरणगावापासून विदर्भातल्या खेड्यापर्यंत पोचले.

आकडा कोणता लावायचा? इथे स्वप्न उपयोगी पडते. साप दिसला तर अमुक अंक, प्रेत दिसले तर तमुक, लग्नाची वरात दिसली तर आणखी कोणता. असे तक्ते खेळणाऱ्यांच्या खिशात असत. लहान मुलाला "काल काय दिसले रे?" असे लाडाने विचारून त्याच्या उत्तरातून आकडा काढणारे काकाही काही घरांनी पाहिलेले असतील.

आता यातले गणित पाहा. शून्य ते नऊ असे दहा अंक. एका अंकावर रुपया लावला आणि तो आला तर नऊ रुपये मिळतात, असा सर्वसाधारण भाव. दहाही अंकांवर एकेक रुपया लावला तर दहा देऊन नऊ मिळतील. म्हणजे कोणाला काहीही स्वप्न पडो, धंदा चालवणाऱ्याचा दहावा हिस्सा ठरलेला. त्याला स्वप्नावर विश्वास ठेवण्याची गरज नाही. तो तुमचा असला म्हणजे झाले. हरलेला माणूस धंद्याला दोष देत नाही. "स्वप्न बरोबर होते, माझा अर्थ चुकला," असे म्हणून तो दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. इतके आज्ञाधारक गिऱ्हाईक दुसऱ्या कोणत्या व्यापाऱ्याला मिळेल?

हंड्यावरचा नाग

मटक्यात पैसा जातो. गुप्तधनाच्या नादात माणसे जातात.

या धंद्यात एकटा भगत नसतो. बातमी आणणारा वेगळा, 'जागा पाहणारा' वेगळा, विधीचे सामान पुरवणारा वेगळा आणि पैसा घालणारा वेगळा. मांडूळ नावाचा गरीब बिनविषारी साप 'दुतोंड्या' म्हणून लाखांच्या भावाने विकणारे यातलेच. वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे, पण अंधश्रद्धेने त्याचा जीव स्वस्त करून भाव वाढवला आहे. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्या 'पायाळू' माणसाला जमिनीतले धन दिसते, अशी समजूत आहे. एखादे पोर पायाळू आहे ही घरगुती गोष्ट गावभर झाली, की त्या पोराभोवती नको त्या लोकांच्या चकरा सुरू होऊ शकतात. पायाळू मुलांच्या आयांनी ही गोष्ट चारचौघांत सांगू नये, असे वाटण्याइतकी वाईट वेळ आपण अनुभवली आहे.

१९७२ ते १९७४ या काळात परभणी जिल्ह्यातल्या मानवतमध्ये एकामागून एक लहान मुली आणि स्त्रियांचे खून झाले. गावावर दहशतीचे सावट होते. मुंबईहून पाठवलेले पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्या तपासात गुप्तधनाच्या लालसेचा आणि बळी देण्याच्या कल्पनेचा धागा पुढे आला. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पन्नास वर्षे उलटली तरी मराठवाड्यात 'मानवत' हा शब्द उच्चारताना जुन्या माणसांचा आवाज खाली येतो.

हे जुने झाले म्हणावे, तर जून २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळला दोन भावांच्या कुटुंबांतली नऊ माणसे मृतावस्थेत सापडली. सुरुवातीला सर्वांना ती कर्जापायी केलेली सामूहिक आत्महत्या वाटली. आठवडाभराने पोलिसांनी मांत्रिक म्हणवणाऱ्याला आणि त्याच्या साथीदाराला अटक केली. गुप्तधन काढून देतो म्हणून कुटुंबाकडून मोठ्या रकमा घेतल्या, तगादा सुरू झाला तेव्हा विष देऊन सर्वांना संपवले, असा पोलिसांचा आरोप होता. या घरात शिकलेली माणसे होती, शिक्षक होता, डॉक्टर होता. म्हणजे शिक्षणाने हा रोग आपोआप बरा होतो, या समजुतीलाही म्हैसाळने धक्का दिला.

स्वप्नापुढे सामान्य माणूसच झुकतो असेही नाही. उत्तर प्रदेशात उन्नाव जिल्ह्यात डौंडिया खेडा नावाचे गाव आहे. १८५७ च्या उठावानंतर फाशी गेलेले तिथले राजे राव रामबक्षसिंह २०१३ मध्ये एका साधूच्या स्वप्नात आले आणि किल्ल्याखाली हजार टन सोने असल्याचे त्यांनी सांगितले, असा त्या साधूचा दावा. एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी तो मनावर घेतला. भूवैज्ञानिकांनी जमिनीखाली काहीतरी वेगळे असल्याचा अहवाल दिला आणि १८ ऑक्टोबर २०१३ रोजी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाची कुदळ पडली. त्या वर्षी रिझर्व्ह बँकेजवळचा सारा साठा साडेपाचशे टनांच्या आसपास होता. त्याच्या जवळजवळ दुप्पट सोने एका खेड्यात निघणार होते! वाहिन्यांच्या गाड्या आल्या, चहा-भजीची दुकाने लागली, पोलीस बंदोबस्त बसला. काही आठवड्यांनी खोदकाम थांबले. निघाली ती जुनी बांधकामे आणि खापरे. स्वप्न पाहिलेल्या साधूला त्यानंतरही भक्त होते.

बाहेरचा कोणीच नसतो तेव्हा

सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट दिल्लीच्या बुराडी भागातली आहे. १ जुलै २०१८ च्या सकाळी एका घरात एकाच कुटुंबातली अकरा माणसे मृतावस्थेत सापडली. पोलिसांना अकरा वर्षांच्या काळात लिहिलेल्या वह्या मिळाल्या. घरातल्या धाकट्या मुलाच्या द्वारे दिवंगत वडील कुटुंबाला आज्ञा देतात, अशी त्या घराची श्रद्धा होती. कोणी केव्हा उठायचे, कोणी काय खायचे, कोणाची कोणती चूक झाली, सारे त्या वह्यांत. शेवटचा विधीही त्यातच. हे मरण्याच्या हेतूने केलेले नसून विधी करताना झालेला अपघात असावा, असा निष्कर्ष तज्ज्ञांनी मानसशास्त्रीय चिकित्सेनंतर काढला.

इथे मांत्रिक नव्हता, दलाल नव्हता, कोणी पैसा उकळलेला नव्हता. शेजाऱ्यांच्या दृष्टीने ते चारचौघांसारखे प्रेमळ, मिळूनमिसळून राहणारे कुटुंब होते. तरीही सर्व गुप्त संघटनांचे नियम त्या एका घरात जमले होते. आज्ञा देणारा एकच, त्याला प्रश्न विचारायचा नाही, आणि उंबऱ्याबाहेर बोलायचे नाही. अकरा वर्षांत एका पाहुण्याजवळ, एका मैत्रिणीजवळ, एका डॉक्टरजवळ ही गोष्ट कोणी बोलले असते तर? या 'तर'ला आता उत्तर नाही.

तुकोबांचे स्वप्न

मग स्वप्न म्हणजे नुसता धोकाच काय? तसे म्हटले तर महाराष्ट्राचा इतिहासच पुसावा लागेल. तुकाराम महाराजांना गुरुमंत्र मिळाला तो स्वप्नात. बाबाजी चैतन्यांनी मस्तकावर हात ठेवला, जेवणासाठी पावशेर तूप मागितले आणि 'रामकृष्ण हरि' हा मंत्र दिला, असे महाराजांनीच सांगून ठेवले आहे. पांडुरंगाला घेऊन नामदेव स्वप्नात आले आणि कवित्व करण्याची आज्ञा झाली, हेही त्यांनीच सांगितले. पुढे बहिणाबाईंना तुकोबांचा अनुग्रह झाला तोही स्वप्नात. ब्राह्मण घरातली बाई, पतीचा विरोध, आणि गुरू मानले ते देहूच्या एका कुणब्याला. त्या काळात जागेपणी जे पाऊल टाकणे अवघड होते, त्याचे बळ तिला स्वप्नाने दिले.

मग या स्वप्नात आणि हंड्याच्या स्वप्नात फरक कोणता? श्रद्धेचा वाद बाजूला ठेवून नुसते व्यवहाराने पाहू. तुकोबांनी आपले स्वप्न लपवले नाही. साऱ्या गावाने ऐकावे असे अभंगात सांगितले. त्या स्वप्नाच्या जोरावर त्यांनी दुसऱ्याकडे काही मागितले नाही. उलट, लोकांकडच्या येण्याची खते इंद्रायणीत बुडवणारा हा माणूस. त्यांच्या स्वप्नाने त्यांनाच कामाला लावले. हंड्याच्या स्वप्नात तिन्ही गोष्टी उलट होतात. ते लपवायचे असते, त्यासाठी दुसऱ्याला पैसे द्यायचे असतात आणि कष्ट न करता मिळणाऱ्या धनाची त्यात हाव असते. स्वप्न देवाचे की मेंदूचे, हा वाद घरोघरी वेगवेगळा सुटेल. या तीन प्रश्नांची उत्तरे मात्र आस्तिकाला आणि नास्तिकाला सारखीच देता येतात.

मौद्याच्या संदर्भात आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. नागपूरच्या बाबा जुमदेवजींनी सुरू केलेल्या 'परमात्मा एक' या मानवधर्माच्या सेवकांचा आश्रम मौद्याला आहे. दारू आणि इतर व्यसने सोडणे, सत्य, मर्यादा आणि प्रेमाने वागणे, एकाच परमेश्वराला मानणे, हे त्यांचे नियम कोणालाही विचारता येतात आणि ते चर्चा बैठकीत सर्वांसमोर बोलले जातात. त्यांच्या साऱ्या अनुभवकथा मान्य कराव्यात असे नाही. आजाराला डॉक्टरच हवा, याविषयी दुमत असू नये. पण नवऱ्याची बाटली सुटली म्हणून घर सावरलेली बाई आपली गोष्ट चारचौघांत सांगते, आणि हंड्याच्या नादी लागलेल्याची बायको दागिने कुठे गेले ते माहेरीही सांगू शकत नाही. श्रद्धेचे हे दोन प्रकार एकाच तालुक्यात शेजारी-शेजारी नांदू शकतात. त्यांना एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल.

प्रयोगशाळेतला भगत

इथवरचे वाचून शहरातला सुशिक्षित वाचक म्हणेल, हे खेड्यातले झाले. त्याने पुढचे ऐकावे. अमेरिकेतल्या हार्वर्डचे रॉबर्ट स्टिकगोल्ड यांनी २००० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही लोकांना त्यांनी सलग काही दिवस 'टेट्रिस' हा ठोकळे रचण्याचा संगणकी खेळ खेळायला लावले. झोप लागता लागता त्यांतल्या अनेकांना पडणारे ठोकळे दिसू लागले. त्यांत स्मृती गेलेले काही रुग्णही होते. आपण असा खेळ खेळलो हे त्यांना आठवत नव्हते, पण ठोकळे दिसत होते. दिवसा मनी वसवले की रात्री ते दिसते, हे इतक्या सरळ रीतीने पुढे आले.

शास्त्रज्ञांना कळले ते व्यापाऱ्यांनाही कळते. २०२१ च्या सुरुवातीला कूर्स या अमेरिकी बिअर कंपनीने झोपण्यापूर्वी एक ठरावीक चित्रफीत पाहा आणि रात्रभर ठरावीक ध्वनी ऐकत झोपा म्हणजे आमच्या बिअरचे स्वप्न पडेल, अशी जाहिरातच केली. त्याच वर्षी झोप आणि स्वप्नांच्या सुमारे चाळीस अभ्यासकांनी जाहीर पत्र काढून इशारा दिला, की स्वप्नांना जाहिरातीचे मैदान होऊ देऊ नका, आजच नियम करा. पत्रावर सही करणाऱ्यांत स्टिकगोल्डही होते. उशाशी मोबाइल ठेवून झोपणारे, घरभर बोलकी यंत्रे लावणारे आपण शहरी लोक भगताच्या किती जवळ बसलो आहोत, याचा विचार करण्याजोगा आहे. तो म्हैसाळच्या घरात शिरला तेव्हा निदान दार तरी वाजवत असेल.

आणि सत्तेचे काय? शार्लोट बेराट या जर्मन पत्रकार बाईंनी १९३३ पासून, हिटलर सत्तेवर आल्यानंतर, लोकांची स्वप्ने गुपचूप टिपून ठेवली. सुमारे तीनशे माणसांची ही स्वप्ने १९६६ मध्ये पुस्तकरूपाने आली. त्यात एका डॉक्टरचे स्वप्न आहे. संध्याकाळी तो घरात निवांत पुस्तक वाचत पडला आहे आणि पाहतो तर खोलीच्या भिंतीच नाहीत, कोणाच्याच घराला भिंती नाहीत, कारण भिंती काढून टाकण्याचा हुकूम निघाला आहे. या डॉक्टरच्या झोपेत कोणी गुप्तहेर शिरला नव्हता. भीती दिवसा पेरली गेली होती, रात्री ती उगवली. अल्बानियाचे कादंबरीकार इस्माइल कादारे यांनी १९८१ मध्ये साऱ्या प्रजेची स्वप्ने गोळा करून तपासणाऱ्या सरकारी खात्याची कादंबरी लिहिली, तेव्हा तिथल्या राजवटीने तिच्यावर बंदी घातली. ज्यांना आपले वर्णन ओळखता येते तेच चिडतात.

कायदा आहे, पण...

या सर्वांवर उपाय काय? महाराष्ट्रात कायदा आहे, आणि तो रक्त सांडून मिळालेला आहे. नागपूरला १९८२ मध्ये श्याम मानव यांनी अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे काम सुरू केले. पुढे डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या वतीने कायद्यासाठी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांची हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये नागपूरच्याच हिवाळी अधिवेशनात विधेयक मंजूर झाले. गुप्तधन किंवा पाण्याचा शोध या नावाखाली अमानुष, अघोरी कृत्ये करणे, नरबळीसाठी चिथावणे, चमत्काराच्या नावाने फसवणे हे आता गुन्हे आहेत. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे. या कायद्याखाली दक्षता अधिकारी नेमलेले असतात आणि त्यांच्याकडे तक्रार करता येते.

पण कायद्याला तक्रार लागते आणि तक्रारीला तोंड उघडावे लागते. गाडे अडते ते इथेच. फसलेल्या माणसाला पैसा गेल्याचे दुःख असते, त्याहून मोठी लाज असते. "स्वप्नावर विश्वास ठेवून वीस हजार दिले" हे ठाण्यात कोण सांगणार? भगताला हे पक्के ठाऊक असते. कुलूप तो लावतो, पण किल्ली आपल्या लाजेच्या हातात असते. म्हणून कायद्याच्या आधी घराचे काम आहे.

विदर्भाला हे नवे नाही. गाडगेबाबांनी कीर्तनात समोरच्या माणसालाच प्रश्न विचारून विचारून देवाच्या नावावरचा धंदा उघडा पाडला. तुकडोजी महाराजांनी गावोगाव हेच सांगितले. दोघांनी लोकांची श्रद्धा काढून घेतली नाही. त्यांनी लोकांना बोलते केले.

आपल्या घरातही तेवढेच करता येईल. सकाळच्या चहाला स्वप्न सांगण्याची मोकळीक असावी. मुलाला वाईट स्वप्न पडले तर "गप्प बस, असले बोलू नये" असे म्हणण्याऐवजी "मग काय झाले?" असे विचारावे. सुनेने सांगितले तर हसू नये, आजीने सांगितले तर चिडू नये. पुन्हा पुन्हा तेच भयंकर स्वप्न पडत असेल, झोप मोडत असेल, तर तालुक्याच्या दवाखान्यात दाखवावे. त्यात लाज कसली? आणि स्वप्नाचा अर्थ सांगायला कोणी दारात आला, त्याने आवाज खाली करून "हे आपल्या दोघांतच राहू द्या" म्हटले, तर तेवढ्यावरून त्याला ओळखावे आणि शेजाऱ्याला मोठ्याने हाक मारावी.

मौद्याचा तो कल्पित शेतकरी आपण दारात उभा ठेवला आहे. अनोळखी माणूस त्याला म्हणतो आहे, कोणाजवळ बोलू नका. आत बायको चुलीपाशी आहे, तिला स्वप्न आधीच माहीत आहे. ती हसली होती. आता तिने फक्त बाहेर येऊन विचारायचे आहे, "कोण आले आहे हो? आणि तुम्हाला टपरीवर भेटलेला तो मित्र यांना ओळखतो का?"